खेळ सुटल्यावर काय? कॉलेजच्या मुलांनी हेच चित्रित करावे

हल्ली एक नवाच प्रश्न शेतकऱ्याच्या ओसरीवर येऊन बसला आहे. कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी सुट्टीला घरी येते आणि म्हणते, "बाबा, आम्हाला एक माहितीपट करायचा आहे. दहा-पंधरा मिनिटांचा. त्याला मार्क आहेत. विषय सुचवा की!" पत्रकारितेचे आणि जनसंवादाचे वर्ग आता पुण्या-मुंबईपुरते राहिले नाहीत, आपल्या खानदेशातही ते चालतात. बाप बिचारा विचारात पडतो. गावची यात्रा सांगतो, नाही तर आजीच्या जात्यावरच्या ओव्या सांगतो. हे विषय वाईट नाहीत, पण दरवर्षी त्यांचेच पीक निघते.

मी एक वेगळा विषय सुचवतो. तुमच्या तालुक्यातला एखादा जुना खेळाडू शोधा. एके काळी ज्याच्या नावाने मैदान भरत असे आणि आज जो तुमच्याआमच्यासारखा सकाळी डेअरीच्या रांगेत किटली घेऊन उभा असतो, असा माणूस. त्याचा खेळ सगळ्यांनी पाहिला. खेळ सुटल्यावर त्याने संसार कसा ओढला, हे मात्र कुणी पाहिले नाही. ते टिपा.

फुटबॉलचेच पाहा. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स कपचे सामने होत असत. तेव्हा आणि पुढेही पुष्कळ वर्षे आपल्याकडचा चांगला खेळाडू हा कुठल्या तरी कंपनीचा, रेल्वेचा किंवा बँकेचा नोकर असे. दुपारी टेबलावर सही करायची आणि संध्याकाळी मैदानावर जायचे. नेव्हिल डिसूझा हे मुंबईचे खेळाडू टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध एका सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. भारत त्या वेळी चौथा आला होता. त्या काळी पैसा थोडा होता, पण गुडघा गेला तरी नोकरी जात नसे. टेबल आपल्या जागी असे आणि शेवटी पेन्शनही.

पुढे १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ मध्ये आय-लीग आली आणि २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग. खेळाडू नोकर राहिला नाही, करारावरचा व्यावसायिक झाला. हातात पैसा जास्त येऊ लागला, पण टेबल गेले. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही कोरडवाहू जमिनीतली नगदी पिकाची शेती झाली. साधले तर सोने, आणि पाऊस हुकला तर बियाण्याचेही पैसे निघत नाहीत. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा नामवंत संघ. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्याने जिंकली आणि २०१० मध्ये तो बंद झाला. २००७ साली निघालेला मुंबई एफ.सी. दहा वर्षांनी मिटला. गोव्यातले डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तीन संघ २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. २०२५ मध्ये तर संघटना आणि आयोजक यांच्यातला करार संपत आल्यामुळे सुपर लीगचा हंगामच वेळेवर सुरू होईना आणि काही क्लबांनी कामकाज थांबवले. अशा वेळी तीस-बत्तीस वर्षांचा खेळाडू कुठे जातो? बातमीत संघाचे नाव येते, त्याचे येत नाही. तुमच्या मुलाच्या माहितीपटाची जागा तिथे आहे.

कुणी म्हणेल, आमच्याकडे फुटबॉल कुठला? अहो, कोल्हापुरात जाऊन बघा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. नागपुरात हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलच्या निमित्ताने एकत्र आणले. त्यावर नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट २०२२ मध्ये आला. मंजुळे स्वतः करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जनसंवाद शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा 'कॉलेजच्या पोराचे काम' म्हणून नाक मुरडू नका.

फुटबॉल नसेल तर कुस्ती आहे, कबड्डी आहे, धावणे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकांच्या वर्गणीवर. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही मिरवणूक सगळ्यांना ठाऊक आहे. पण मिरवणुकीनंतर या गड्याने काय केले? कुस्त्यांचे फड भरवून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे गहाण घर सोडवले! मला विचाराल तर पदकापेक्षा ही गोष्ट मोठी आहे. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांचेही तसेच. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आला, नंतर पुण्यात टेल्कोत नोकरीला राहिला आणि पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. मधली सेहेचाळीस वर्षे कशी गेली असतील, याचा विचार करा.

आता मणिबेलीविषयी सांगतो. वाचकांना वाटेल, फुटबॉलच्या गोष्टीत हे नर्मदाकाठचे गाव कुठून आले? अक्कलकुवा तालुक्यातल्या त्या उतारावर सपाट मैदान मिळणेही कठीण. पण माहितीपट म्हणजे काय आणि तो कुठे अपुरा पडतो, हे शिकायचे तर मणिबेलीसारखे दुसरे गाव नाही. सरदार सरोवराच्या भिंतीवरून वर निघाले की महाराष्ट्रातले हे पहिले गाव. १९९३ च्या पावसाळ्यात इथली घरे पाण्यात गेली. तेव्हा जिल्हा धुळे होता, नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा झाला. आंदोलनामुळे गावाचे नाव जगभर गेले. मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये, अशी मागणी करणारे १९९४ चे घोषणापत्र याच गावाच्या नावाने ओळखले जाते. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा 'नर्मदा डायरी' हा या खोऱ्यातल्या लढ्यावरचा माहितीपट १९९५ मध्ये आला. म्हणजे काठच्या माणसाला कॅमेरा नवा नाही.

पण कॅमेरे जास्त आले ते पाणी चढत असताना. पाणी चढून स्थिर झाले की गर्दी ओसरली. काही कुटुंबे गुजरातेत पुनर्वसनाला गेली, काही डोंगरावर वर सरकली. वर सरकलेल्याने उताराच्या हलक्या जमिनीत काय पेरले, गाळाच्या जमिनीची सवय असलेल्या बाईने नवे बियाणे कसे धरले, गेलेल्याला नव्या गावात शेजार कसा मिळाला, हे सांगायला पाण्यासारखा देखावा लागत नाही, चिकाटी लागते. खेळाडूचेही असेच आहे. सामन्याच्या दिवशी दहा कॅमेरे असतात आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी एकही नसतो. मणिबेलीचे पोर शहरात शिकून उद्या एखाद्या जुन्या खेळाडूवर माहितीपट करील, तर त्याला ही गोष्ट पुस्तकातून शिकवावी लागणार नाही. नर्मदाकाठच्या जीवनशाळांच्या बालमेळाव्यांत कबड्डी, खो-खो, तिरंदाजी, धावणे रंगते. त्यातून पुढे गेलेल्या आणि मध्येच थांबलेल्या मुलामुलींपासून सुरुवात केली तरी विषय हाताशी आहे.

आता कामाची गोष्ट. माझा धंदा विस्ताराचा. शेतकऱ्याकडून माहिती काढणे हेच आमचे आयुष्यभराचे काम, म्हणून त्या अनुभवाने सांगतो. बांधावर जाऊन पहिलाच प्रश्न "एकरी किती झाले?" असा केलात तर खरे उत्तर कधीच मिळत नाही. सावकार आठवला तर माणूस कमी सांगतो, शेजारी उभा असेल तर जास्त सांगतो. आधी बैलाची चौकशी करावी, पाण्याची करावी, चहा होऊ द्यावा. उत्पन्नाचा आकडा मग आपोआप बाहेर येतो. खेळाडूलाही "आता तुम्हाला कसे वाटते?" असे विचारू नये. त्याला "बरे वाटते" याशिवाय काही सांगता येत नाही. "सकाळी किती वाजता उठता? उठल्यावर पहिल्यांदा काय दुखते? शेवटच्या सामन्याचे बूट कुठे आहेत?" असे विचारा. बूट माळ्यावरून काढताना तो जे बोलेल, तेच तुमच्या माहितीपटाचे बी.

पहिल्या दोन भेटींत कॅमेरा पिशवीतच ठेवा. त्या वेळी जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणे बघा, जिल्हा ग्रंथालयात जुने अंक चाळा, सन आणि तारीख पडताळून घ्या. माणूस आठवणीत दोन वर्षे इकडची तिकडे करतो. त्यात खोटेपणा नसतो, पण पडद्यावर चूक ती चूकच. मग घरच्या बाईशी बोला. हे मी मुद्दाम सांगतो. नवरा स्पर्धेला गेला तेव्हा म्हशी कुणी राखल्या, करार संपल्यावर पहिला दागिना कोणता मोडला, याचा हिशेब तिच्याकडे असतो. मुले हमखास तिला स्वयंपाकघरातच सोडतात आणि अर्धी गोष्ट तिथेच राहते.

पैशाची गोष्ट टाळू नका, पण चारचौघांत विचारू नका. नोकरी कशी मिळाली किंवा का हुकली, हे नीट समजून घ्या. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते, त्याची पडताळणी लागते आणि स्पर्धाही ठरलेल्या दर्जाची लागते. कित्येकांचे घोडे तिथेच अडते. प्रमाणपत्रे ट्रंकेत वाळवीने खाल्लेली असतात, किंवा स्पर्धा नियमात बसत नाही. हे चित्रात आले तर पाहणाऱ्या दहा घरांतली मुले आपले कागद आजच जपून ठेवतील. प्रशिक्षणाचे परवाने, शारीरिक शिक्षणाची पदवी, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका या वाटांनी काहीजण पुन्हा मैदानावर येतात, तेही दाखवा. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार होते. खेळ थांबल्यावर त्यांनी गोलरक्षक घडवले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सगळ्यांचीच कथा रडकी नसते, आणि रडकी करून दाखवणे हा मुलांचा आवडता दोष आहे. मागे करुण संगीत लावून फाटका बनियन दाखवला की झाले, असे त्यांना वाटते. तो बनियन प्रत्येक शेतकरी शेतात घालतो!

यंत्राचे म्हणाल तर आता मोबाईलवरच भागते. घाई करू नये, हात स्थिर ठेवावा, तिवई नसेल तर धान्याच्या पोत्यावर टेकवावा. चित्र थोडे वाईट चालते, आवाज वाईट असेल तर मात्र माणूस उठून जातो. म्हणून गळ्याला लावायचा छोटा माईक मिळतो तो घ्यावा, आणि मुलाखत चालू असताना पिठाची गिरणी, पंप, टीव्ही बंद करून घ्यावा. भर दुपारी बाहेर चित्रण करू नये, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. सकाळी नवाच्या आत किंवा चार वाजल्यानंतर काम करावे. एक तासाचे चित्रण झाले तर त्यातली पाच-सहा मिनिटे कामाची निघतात. जिरायतीत इतका उतारा पुष्कळ झाला.

लेखी संमती घ्यावी, आणि ती वाचून दाखवून घ्यावी. अंगठा घेतला की काम झाले, ही आपली जुनी सरकारी खोड आहे. कॉलेजात सादर करण्याआधी माहितीपट त्या माणसाच्या घरी, त्याच्या भाषेत बोलून दाखवावा. मणिबेलीसारख्या गावात भिलोरी बोलणारी आजी असेल तर नातवाने शेजारी बसून अर्थ सांगावा. त्याने म्हटले, "एवढे काढून टाक," तर काढावे, भले दोन मार्क जावोत. शेवटी एक प्रत त्याच्या घरी आणि एक गावच्या शाळेत ठेवावी. नर्मदाकाठच्या वस्त्यांवर अनेकदा नावेनेच जावे लागते, तेव्हा पेन-ड्राइव्ह प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून न्यावा आणि शाळेतल्या संचावर तो चालतो की नाही, हे गुरुजींना आधी विचारून घ्यावे.