माफीनंतर काय उरतं?

११ मार्च १९६० रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नौदलाचे कमांडर कावस माणेकशा नानावटी यांना खुनाबद्दल जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी मुंबईचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती शिक्षा स्थगित केली. हुकूम मोठा चमत्कारिक होता. नानावटींचं अपील सर्वोच्च न्यायालयात निकाली निघेपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी होणार नाही, मात्र तोवर त्यांना ‘आयएनएस कुंजाली’वरच्या नौदल कोठडीत ठेवावं, असं त्यात म्हटलं होतं. खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला तुरुंगात नेण्यासाठी निघालेलं वॉरंट न बजावताच परत आलं. गणवेशातल्या अधिकाऱ्याला राज्यप्रमुखाच्या दयेची ढाल कितपत पुरते, हा प्रश्न आपल्या देशात इतक्या उघडपणे त्याआधी क्वचितच विचारला गेला असेल. माफी मिळाली म्हणजे सगळं मिटलं, हा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. तो कायद्याच्या दृष्टीने चूक आहेच. शिवाय त्या समजापायी आपण भलत्याच दाराकडे पाहत बसतो आणि खरी ढाल दुसरीकडेच असते.

नानावटी खटल्याची गोष्ट बहुतेकांना चित्रपटांतून माहीत आहे, त्यामुळे तिच्यातला प्रेमत्रिकोण इथे बाजूला ठेवू. प्रश्नाला उपयोगी पडतील असे तपशील वेगळे आहेत. २७ एप्रिल १९५९ रोजी नानावटींनी जहाजाच्या भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, ती रात्री एकट्याने अहमदनगरला गाडीने जायचं असल्याचं खोटं कारण सांगून. म्हणजे हत्यार सरकारी होतं आणि ते मिळालं हुद्द्याच्या जोरावर. त्या त्रिकोणातले तिसरे, प्रेम आहुजा, यांच्यावर गोळ्या झाडल्यावर नानावटी स्वतःहून पोलिसांकडे गेले. दोनच दिवसांनी मुंबईच्या नौदल प्रमुखांचं पत्र मॅजिस्ट्रेटकडे पोचलं, की आरोपीला आम्ही आमच्या ताब्यात ठेवायला तयार आहोत. खटला साध्या सत्र न्यायालयात चालला, पण आरोपी राहिला आपल्याच दलाच्या कोठडीत. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीश मेहतांना तो निर्णय पटण्यासारखा वाटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे निकाल फिरला. राज्यपालांचा हुकूम आला तो या टप्प्यावर.

मग प्रश्न उभा राहिला तो न्यायालय आणि राजभवन यांच्यातला. सर्वोच्च न्यायालयाच्या नियमाप्रमाणे शिक्षा झालेल्या माणसाने आधी शरण जायचं आणि मगच अपिलाची परवानगी मागायची. नानावटींचं म्हणणं असं, की राज्यपालांनीच शिक्षा थांबवली आहे तर शरण कशाला जायचं? पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ५ सप्टेंबर १९६० रोजी चार विरुद्ध एक बहुमताने ते फेटाळलं. सरन्यायाधीश सिन्हा यांच्याबरोबर बहुमतात आपले गजेंद्रगडकरही होते. एकटे न्यायमूर्ती कपूर वेगळ्या बाजूला राहिले. न्यायालयाच्या नियमांनी राज्यपालांच्या घटनादत्त अधिकाराला कात्री लावता येत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ते अगदीच टाकाऊ नव्हतं. बहुमतानेही माफीचा अधिकार नाकारला नाही. राज्यपालांनी सरळ पूर्ण माफी दिली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण प्रकरण न्यायालयापुढे असताना, शिक्षा थांबवायची की नाही हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, तिथे राज्यपालांना समांतर हुकूम काढता येणार नाही, एवढंच न्यायालयाने सांगितलं. परिणाम मात्र लगेच दिसला. कमांडरना नौदलाची कोठडी सोडून साध्या तुरुंगात जावं लागलं.

माफी अखेर मिळालीच. १९६४ साली विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना नानावटी सुटले, मृताच्या बहिणीने हरकत नसल्याचं लिहून दिल्यानंतर. पुढे ते कुटुंबासह कॅनडाला गेले. म्हणजे जन्मठेपेचा कैदी थोड्याच वर्षांत बाहेर आला, हे खरं. पण या माफीने काय मिटलं आणि काय मिटलं नाही, तेही बघायला हवं. २४ नोव्हेंबर १९६१चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जसाच्या तसा उभा आहे. घरातून दीडच्या सुमारास निघालेला माणूस चार वाजून वीस मिनिटांनी गोळी झाडतो, मधल्या वेळात जहाजावर जाऊन हत्यार घेतो, मग तो क्षणिक प्रक्षोभात होता असं कसं म्हणायचं, हा त्यातला युक्तिवाद आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. अधिकाऱ्याला सोडणारी सही त्या निकालातलं एक वाक्यही खोडू शकली नाही. माझ्या मते हेच या प्रकरणातून हाती लागणारं सगळ्यात मोलाचं सत्य आहे: आधी सगळं उघड झालं, मग दया आली.

हा क्रम महत्त्वाचा का, हे कळायला संविधानाने नेमकं काय दिलं आहे ते पाहावं लागतं. अनुच्छेद ७२ राष्ट्रपतींना जे अधिकार देतो, त्यांत कोर्ट मार्शलने दिलेल्या शिक्षेचा उल्लेख पहिलाच आहे. शिवाय त्याच अनुच्छेदात असंही म्हटलं आहे, की लष्करी अधिकाऱ्यांना कायद्याने मिळालेला शिक्षा कमी करण्याचा अधिकार यामुळे कमी होत नाही. लष्कर कायद्यात केंद्र सरकार आणि सेनाप्रमुख यांनाही कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरलेल्याला माफ करण्याची मुभा आहे. दयेची दारं अशी एकापेक्षा जास्त आहेत. पण या सगळ्या दारांचा उंबरठा एकच, म्हणजे झालेली शिक्षा. त्यातही माफी आणि सूट यांत कायदा फरक करतो. शरदचंद्र राभा प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारने शिक्षेत सूट देऊन माणसाला लवकर सोडलं म्हणून न्यायालयाने दिलेली शिक्षा कमी झाली असं होत नाही, आणि निवडणूक लढवण्यावरची अपात्रताही तशीच राहते. पूर्ण माफी याहून व्यापक, पण तीही नाव घेतलेल्या गुन्ह्यापुरतीच. केहर सिंग प्रकरणात १९८८ साली न्यायालयाने हेही स्पष्ट केलं, की राष्ट्रपती निकालाच्या नोंदीत बदल करत नाहीत. त्यांचा अधिकार न्यायालयाच्या अधिकारापासून वेगळ्या पातळीवर चालतो.

या फरकाचा सगळ्यात बोलका दाखला स्वातंत्र्यापूर्वीचा आहे. लाल किल्ल्यातल्या खटल्यात आझाद हिंद सेनेचे शाहनवाझ खान, सहगल आणि धिल्लों यांना जन्मभराच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी १९४६मध्ये ती माफ केली, कारण देश पेटला होता. पण लष्करातून बडतर्फी आणि थकलेल्या पगाराची जप्ती त्यांनी कायम ठेवली. म्हणजे ब्रिटिशांच्या लेखीही माफीने शिक्षा गेली, बडतर्फी नाही. तिघांच्या देशभक्तीचा निवाडा इथे करायचा नाही, तो जनतेने कधीच करून टाकला. पण त्या हुकुमाची कलमं वाचली की माफी ही एकसंध गोष्ट नसते हे लक्षात येतं. याच खटल्यांनी पेटलेल्या वातावरणात जबलपूरच्या सिग्नल्स ट्रेनिंग सेंटरमधले जवान फेब्रुवारी १९४६च्या अखेरीस रस्त्यावर उतरले. त्यांच्या वाट्याला कोर्ट मार्शल आणि नोकरीतून काढून टाकणं आलं. दिल्लीतल्या नामांकित अधिकाऱ्यांसाठी जी सवलत देशभराच्या दबावाने मिळाली, ती छावणीतल्या साध्या सिग्नलमनला मिळण्यासाठी कुणी सरसेनापतीला घेरलं नाही. आजही फौजी आणि शस्त्र कारखान्यांच्या कामगारांवर जगणाऱ्या जबलपूरला ही विषमता नवी वाटणार नाही.

‘राष्ट्रपतींच्या सहीपुढे कोण काय बोलणार?’ हा एक नेहमीचा आक्षेप. बोलता येतं. राष्ट्रपती आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, आणि तो सल्ला अप्रस्तुत गोष्टींवर बेतलेला असेल तर न्यायालय हुकूम रद्द करू शकतं. आंध्रचे राज्यपाल असताना आपले सुशीलकुमार शिंदे यांनी गौरू वेंकट रेड्डी या दोषी ठरलेल्या राजकीय कार्यकर्त्याची शिक्षा कमी केली होती. ऑक्टोबर २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरवला. जात, धर्म, पक्षनिष्ठा हे दयेचे निकष असू शकत नाहीत, असं त्यात बजावलं. हेच उद्या हुद्दा आणि गणवेश या निकषांनाही लागू पडेल, असं म्हणायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सीमेवर गोळीला सामोरा जाणारा अधिकारी काही सेकंदांत निर्णय घेतो, त्याला वातानुकूलित कोर्टात बसून दोषी ठरवणं अन्यायाचं नाही का? अमेरिकेत २०१९च्या नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी अफगाणिस्तानातल्या हत्यांच्या प्रकरणी दोन लष्करी अधिकाऱ्यांना माफी दिली, ती याच भावनेतून. त्यांतला क्लिंट लॉरेन्स कोर्ट मार्शलमध्ये दोषी ठरून एकोणीस वर्षांची शिक्षा भोगत होता. मॅथ्यू गोल्स्टीन याचा खटला अजून उभाच राहिला नव्हता. दोघांना एकाच दिवशी माफी मिळाली, पण दोन्ही माफ्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लॉरेन्सच्या प्रकरणी पुरावा तपासला गेला होता आणि त्याच्याच सैनिकांनी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती. नंतर त्याने स्वतःची शिक्षा न्यायालयात आव्हान देऊन रद्द करून घ्यायचा प्रयत्न केला, आणि अपिलाच्या न्यायालयाने २०२१ साली सांगितलं, की माफी स्वीकारली म्हणून हा हक्क संपत नाही. म्हणजे माफी मिळालेल्या माणसाच्या दृष्टीनेही दोषी ठरण्याचा प्रश्न मिटला नव्हता. गोल्स्टीनच्या प्रकरणी मात्र खरं काय घडलं ते ठरायच्या आत दार बंद झालं. युद्धाच्या धुरळ्यातल्या चुकीला दया दाखवा, जरूर दाखवा, पण आधी चूक कोणती ते ठरू द्या, एवढंच म्हणणं आहे.

अर्जेंटिनाने याचं दुसरं टोक पाहिलं. अध्यक्ष मेनेम यांनी १९८९ आणि १९९० साली लष्करी हुकूमशाहीतल्या सेनापतींना माफ केलं. जनरल विदेला त्यांत होता. तरी १९९८मध्ये त्याला पुन्हा अटक झाली, कारण कोठडीत जन्मलेली बाळं पळवण्याचा गुन्हा त्या माफीत बसत नव्हता. २००७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा एका माफीला घटनाबाह्य ठरवलं. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना माफी नसते, हा त्यामागचा विचार. विदेला २०१३ साली तुरुंगातच मेला.

आपल्याकडे मात्र असा प्रसंग येतच नाही, कारण गोष्ट माफीपर्यंत पोचतच नाही. लष्कराला विशेषाधिकार देणाऱ्या कायद्यानुसार अशांत भागात कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला भरायचा तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. काश्मीरमधल्या पथ्रीबल इथे मार्च २०००मध्ये पाच जण मारले गेले. सीबीआयने तपासाअंती ही बनावट चकमक असल्याचं सांगून अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी आवश्यक असल्याचं आणि कोर्ट मार्शल चालवायचं की नाही हे लष्कराने आधी ठरवावं, असं म्हटलं. लष्कराने प्रकरण आपल्याकडे घेतलं आणि जानेवारी २०१४मध्ये पुराव्याअभावी बंद केलं. इथे कुणा राष्ट्रपतीला सही करायची वेळच आली नाही. माफीला निदान सही असते, सही करणारा असतो, आणि ती आव्हान देण्याजोगी असते. परवानगी नाकारणारी फाइल मात्र मंत्रालयातल्या मंत्रालयात फिरून परत येते.

नागालँडमधल्या ओटिंग इथे ४ डिसेंबर २०२१ रोजी कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर लष्कराच्या विशेष दलाने गोळीबार केला आणि सहा मजूर मारले गेले. राज्य पोलिसांच्या विशेष पथकाने तीस जवानांवर आरोपपत्र ठेवलं. केंद्राने परवानगी नाकारली. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फौजदारी कारवाई बंद केली, पण एक वाक्य त्यात आवर्जून ठेवलं: पुढे कधीही परवानगी मिळाली, तर कारवाई कायद्याप्रमाणे पुढे जाऊ शकेल. शिस्तभंगाची कारवाई करायची की नाही, हे लष्करावर सोडलं. परवानगी नाकारण्याच्या निर्णयालाच आव्हान देणारी नागालँड सरकारची वेगळी याचिकाही सर्वोच्च न्यायालयात गेली आहे.