निमंत्रणाशिवाय न येणारा पाहुणा

मराठी वाचकाच्या परिचयाची बहुतेक भुते जागेला बांधलेली असतात. पिंपळावरचा मुंजा, पाणवठ्यावरचा गिऱ्हा किंवा पडक्या विहिरीतली हडळ यांच्या हद्दीत माणूस अवेळी शिरतो आणि मग झपाटला जातो. हद्द टाळणाऱ्याला त्यांचे सहसा भय नसते. युरोपीय साहित्यातील व्हँपायर, म्हणजे थडग्यातून उठून जिवंतांच्या रक्तावर जगणारा मृत, त्या भुतांच्या अगदी उलट वागतो. तो प्रवास करतो, ओळखी काढतो, उंची कपडे घालतो आणि ज्या घराचा नाश करायचा त्याच घरात पाहुणा म्हणून उतरतो. त्याला दार उघडून देणारे माणूसही बहुधा घरातलेच असते. भयकथांच्या चाहत्याने या प्रकारातील असंख्य पुस्तकांतून निवड करताना रक्त किती सांडले हे मोजण्यापेक्षा हा पाहुणचार लेखकाने किती बारकाईने रंगवला आहे ते पाहावे, कारण सकस आणि भरताड लेखनातील फरक तिथेच उघडा पडतो.

या कल्पनेची पूर्वपीठिका थोडक्यात अशी आहे. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाच्या ताब्यातील सर्बियन मुलखात, प्रथम १७२५ मध्ये आणि पुन्हा १७३२ च्या सुमारास, गावकऱ्यांच्या तक्रारींवरून प्रेते उकरण्यात आली, तोंडाशी रक्त आणि अंगावर तजेला दिसल्याचे सरकारी अहवाल लिहिले गेले आणि ते युरोपभर चवीने वाचले गेले. अखेर १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसा हिने आपला वैद्य खेरार्ड व्हान स्वीटेन याच्याकडून चौकशी करवून असे प्रकार बंद पाडले. प्रेत कुजताना पोटात वायू साठून ते फुगते, त्या दाबाने रक्तमिश्रित द्रव तोंडावाटे बाहेर येतो आणि कातडी आक्रसल्यामुळे नखे वाढल्यासारखी दिसतात, ही उकल पॉल बार्बर यांच्या १९८८ मधील ग्रंथात सविस्तर मिळते. ज्यांना कथेपेक्षा कारणमीमांसा प्रिय आहे त्यांनी तो ग्रंथ अवश्य वाचावा.

साहित्यात हा पाहुणा प्रथम उमराव म्हणून अवतरला. कवी बायरनचा खासगी डॉक्टर जॉन पोलिदोरी याने १८१६ मध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या मुक्कामात सुचलेल्या बीजावरून लिहिलेली दीर्घकथा १८१९ मध्ये एका मासिकाने चक्क बायरनच्या नावावर छापली, आणि तिच्यातील लॉर्ड रुथव्हेन लंडनच्या दिवाणखान्यांतून वावरू लागला. ही कथा आज ऐतिहासिक कुतूहलापोटीच वाचावी. खरी सुरुवात डब्लिनच्या शेरिडन ल फानू याच्या ‘कार्मिला’ने करणे श्रेयस्कर. १८७१-७२ मध्ये मासिकातून क्रमशः आलेल्या या छोट्या कादंबरीत ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतातल्या एका एकाकी गढीसमोर घोडागाडी उलटते, गाडीतली प्रतिष्ठित स्त्री आपल्या अशक्त मुलीला तीन महिन्यांसाठी त्या घरी सोडून निघून जाते, आणि घरातली एकटी पडलेली तरुणी लॉरा मैत्रीण मिळाल्याच्या आनंदात तिला बिलगते. पुढे जे घडते त्यात प्रेम कुठे संपते आणि भक्षण कुठे सुरू होते हे लॉराला अखेरपर्यंत सांगता येत नाही. निवेदन तिचेच असल्यामुळे वाचकालाही ते ठामपणे कळत नाही. ‘ड्रॅक्युला’च्या पाव शतक आधी लिहिलेली ही कृती गुणवत्तेत त्याच्यापेक्षा कणभरही कमी नाही, आणि कलाकुसरीपुरते बोलायचे तर सरसच आहे.

तरीही या क्षेत्रातला मोठा वाडा ब्रॅम स्टोकरचाच, आणि तिथे अधिक काळ रेंगाळणे क्षम्य ठरावे. स्टोकर हा डब्लिनचा. तरुणपणी ज्या वृत्तपत्रात तो बिनपगारी नाट्यसमीक्षा लिहीत असे त्याच्या मालकीत ल फानूचाही वाटा होता. पुढे लंडनच्या लायसियम नाट्यगृहात विख्यात नट हेन्री आयर्व्हिंग याचा व्यवस्थापक म्हणून त्याने २७ वर्षे काढली, म्हणजे पाहुण्यांची सरबराई हाच त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. ‘ड्रॅक्युला’ची टिपणे त्याने १८९० मध्ये सुरू केली. ती आज फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत, आणि त्यांवरून असे दिसते की कथा आधी ट्रान्सिल्व्हेनियात नव्हे, ‘कार्मिला’च्याच स्टायरियात घडणार होती आणि सरदाराचे नाव ‘काउंट व्हाँपिर’ असे बाळबोध ठरले होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील व्हिटबी गावी मुक्काम असताना तिथल्या ग्रंथालयात विल्यम विल्किन्सनचे वालाकिया आणि मोल्डाव्हिया या प्रांतांवरील पुस्तक त्याच्या हाती लागले, त्यात ड्रॅक्युला हे नाव सापडले आणि बारसे बदलले. भाल्यावर माणसे रोवणारा वालाकियाचा इतिहासातला शासक व्लाद म्हणजेच कादंबरीतला काउंट, हे आता पर्यटनाच्या कृपेने सर्वमान्य झालेले समीकरण टिपणांच्या कसोटीवर मुळीच टिकत नाही. स्टोकरने नाव आणि इतिहासाचे दोनचार तुकडे उचलले, एवढेच. ट्रान्सिल्व्हेनियात तर तो कधी गेलाच नाही.

व्हिटबी मात्र त्याने डोळ्यांखालून घातले होते, आणि कादंबरीतील ती प्रकरणे त्यामुळेच खणखणीत उतरली आहेत. १८८५ मध्ये ‘दिमित्री’ नावाचे रशियन जहाज वादळात त्या किनाऱ्याला लागले होते. त्याची माहिती स्टोकरने किनारारक्षकांच्या नोंदींतून उतरवून घेतली, जहाजाचे नाव बदलून ‘डीमीटर’ केले आणि त्याच्या पोटात मातीने भरलेल्या ५० पेट्या ठेवल्या. बंदरापासून टेकडीवरच्या सेंट मेरी चर्चपर्यंत १९९ पायऱ्या चढून गेले की झिजलेली थडगी, खाली समुद्र आणि शेजारी भग्न मठ असा कादंबरीतला देखावा आजही जसाच्या तसा दिसतो. त्या आवारात ड्रॅक्युलाचे थडगे शोधणारे पर्यटक असतात, ही गोष्ट कादंबरी न वाचताच यात्रेला निघण्याच्या सवयीबद्दल बरेच सांगून जाते.

चित्रपटांवरून कादंबरी ओळखणाऱ्यांना पहिला धक्का बसतो तो तिच्या रचनेचा. ‘ड्रॅक्युला’ला एक निवेदक नाही, ती रोजनिशा, पत्रे, तारा, वृत्तपत्रांची कात्रणे आणि जहाजाच्या नोंदवहीची पाने यांची फाइल आहे. काउंटच्या घरखरेदीसाठी त्याच्याकडे गेलेला तरुण वकील जोनाथन हार्कर लघुलिपीत लिहितो, वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख डॉक्टर सीवर्ड मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या फोनोग्राफमध्ये आपली रोजनिशी बोलून ठेवतो, आणि हार्करची पत्नी मीना हे सारे टंकलेखनयंत्रावर उतरवून तारखांच्या क्रमाने लावते. काउंट एका रात्री येऊन हस्तलिखिते आणि नळकांडी आगीत टाकतो, पण मीनाने एकाच वेळी जादा प्रती काढलेल्या असतात आणि एक प्रत तिजोरीत सुरक्षित असते. शतकानुशतके जगलेला सैतान इथे एका दक्ष टंकलेखिकेसमोर हरतो. पहिल्या चार प्रकरणांनंतर काउंट प्रत्यक्षात फारच थोडा दिसतो आणि या सगळ्या दप्तरात त्याची स्वतःची रोजनिशी कुठेही नाही. इतरांचे मन कागदावर उतरते आणि त्याचे उतरत नाही, यामुळेच त्याचे भय वाढते.

पाहुणचाराचा विषयही स्टोकरने वकिली काटेकोरपणे हाताळला आहे. आरंभी काउंट यजमान असतो: तो हार्करला स्वेच्छेने उंबरा ओलांडायला सांगतो, स्वतः जेवण वाढतो, इंग्लंडच्या रेल्वेचे वेळापत्रक वाचत बसतो आणि लंडनमध्ये आपण परके वाटू नये म्हणून पाहुण्याकडून इंग्रजी उच्चार सुधारून घेतो. मग तो रीतसर खरेदीखत करून लंडनजवळ घर घेतो आणि भूमिका उलटतात. घरातल्या कोणी आधी बोलावल्याशिवाय व्हँपायरला आत शिरता येत नाही, हा नियम कादंबरीत स्पष्ट सांगितला आहे, आणि ते बोलावणे देण्याचे काम शेजारच्या वेड्यांच्या इस्पितळातला एक रुग्ण करतो. उन्हाने व्हँपायर जळून जातो हा दुसरा सर्वश्रुत नियम मात्र स्टोकरचा नाही. त्याचा काउंट दिवसाउजेडी लंडनच्या रस्त्यांवर फिरतो. तो नियम १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटाने रूढ केला, ज्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश स्टोकरच्या विधवेने पुढे कोर्टातून मिळवला. जाता जाता वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काउंटची शिकार झालेल्या, मीनाची मैत्रीण असलेल्या ल्युसीची प्रकरणे जरूर वाचावीत. तिला चार वेगवेगळ्या पुरुषांचे रक्त लागोपाठ चढवले जाते, रक्तगट कोणीही पाहत नाही, कारण कादंबरी १८९७ ची आहे आणि कार्ल लँडस्टायनरने रक्तगटांचा शोध जाहीर केला १९०१ मध्ये. ती बिचारी काउंटमुळे दगावली की उपचारांमुळे, हा प्रश्न विचारला जाणे अपरिहार्य आहे.

इथे एक अवांतर पण आवश्यक खुलासा करावा लागतो. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळपंचविशीचे इंग्रजी रूपांतर करताना शीर्षकात वेताळाला व्हँपायर ठरवले आणि तेव्हापासून दोघांची गल्लत होत आली आहे. कोड्यांतून राजाची परीक्षा घेणारा वेताळ प्रेतात वास करतो एवढेच साम्य आहे. त्याला रक्ताशी फारसे देणेघेणे नाही. कोकणात आणि गोव्यात तर तो ग्रामदेवतेच्या मानाला पोहोचला आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्या मोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीसाठी फेरी मारतो आणि त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे. रात्री फिरणारा हाही, पण तो गावचा धनी आहे. व्हँपायर बाहेरून येतो, आणि दोघांत फरक करायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

ज्यांना जाड कादंबरीचा धीर नाही त्यांच्यासाठी तीन लघुकथा सुचवता येतील, आणि तिन्हींत भक्षक स्त्री आहे. मेरी ब्रॅडन हिच्या १८९६ मधील ‘गुड लेडी ड्युकेन’मध्ये एक अतिवृद्ध श्रीमंत बाई गरीब मुलींना पगारी सोबतीण म्हणून ठेवते, आणि तिचा डॉक्टर त्यांना गुंगी देऊन त्यांचे रक्त काढतो, इथे थडगे नाही, मंत्र नाही, केवळ पैसा आहे. मेरी विल्किन्स फ्रीमन हिची ‘लुएला मिलर’ तर रक्ताला स्पर्शही करत नाही, पण तिची कामे करणारी एकेक व्यक्ती झिजून मरते. अशा नाजूक परावलंबी व्यक्ती बहुतेक कुटुंबांच्या परिचयाच्या असल्यामुळे ही कथा अधिकच झोंबते. तिसरी ई. एफ. बेन्सन याची ‘मिसेस अ‍ॅमवर्थ’. तिचा नवरा हिंदुस्थानात न्यायाधीश होता आणि पेशावरला वारला. ही विधवा इंग्लंडच्या एका पेंगुळलेल्या खेड्यात राहायला येते, बागकाम करते, पत्ते खेळते, हसतमुखाने सर्वांना जेवायला बोलावते आणि गावाची लाडकी होते. वसाहतीतून परतलेल्या माणसांबरोबर काय काय घरी आले असेल, या इंग्रजी मनातल्या धास्तीवर बेन्सनने अचूक बोट ठेवले आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पुस्तके संख्येने अफाट असल्यामुळे तिथे कठोर व्हावे लागते. रिचर्ड मॅथेसनची ‘आय अ‍ॅम लेजंड’ (१९५४) पाहुणचाराचे गणित उलटे मांडते: साथीत सारे शहर व्हँपायर झाले आहे, एकच माणूस उरला आहे, आणि त्याचा पूर्वीचा शेजारी दररोज रात्री अंगणात उभा राहून त्याला बाहेर बोलावतो. अ‍ॅन राइसच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’मध्ये (१९७६) व्हँपायर स्वतःच निवेदक होतो, कधीही मोठी न होणाऱ्या क्लॉडियाची प्रकरणे विलक्षण आहेत, पण भक्ष्याऐवजी भक्षकाचे दुःख ऐकण्याची प्रथा इथून बळावली आणि पुढच्या तीस वर्षांत तिचा गोडमिट्ट ‘ट्वायलाइट’ झाला. त्यावर उतारा म्हणून स्वीडनच्या योन आय्विदे लिंडक्विस्टची ‘लेट द राइट वन इन’ (२००४) वाचावी. १९८१ मध्ये स्टॉकहोमच्या ब्लाकेबेर्ग या उपनगरी वसाहतीत, शाळेत छळ सोसणाऱ्या ऑस्करच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एली नावाची व्हँपायर राहायला येते. आमंत्रणाशिवाय उंबरा ओलांडला तर नेमके काय होते, हा स्टोकरने न सांगितलेला भाग लिंडक्विस्टने अंगावर काटा येईल अशा रीतीने दाखवला आहे.

देशोदेशीच्या भाषांतही हा पाहुणा असाच आत घेतला गेला आणि प्रत्येक घराने त्याला आपल्या चालीरीती लावल्या. आइसलँडमध्ये वाल्दिमार आस्मुंडसन याने १९००च्या सुमारास केलेले ‘ड्रॅक्युला’चे भाषांतर हा निव्वळ संक्षेप असावा असे शतकभर मानले जात होते, पण नीट ताडून पाहिल्यावर त्यात भलतीच पात्रे आणि वेगळेच कथानक निघाले, तुर्की लेखक अली रिझा सेयफी याने १९२८ मध्ये काउंटला लंडनऐवजी इस्तंबूलला नेले. स्टीफन किंगने १९७५ मध्ये ‘सेलम्स लॉट’ लिहून त्याला अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका लहान गावात जुन्या फर्निचरच्या दुकानाआडून आणून बसवले, आणि त्याच कादंबरीवर बेतून नारायण धारप यांनी ‘लुचाई’ मराठीत आणली. या दोन पुस्तकांची जोडी मराठी वाचकाने एकापाठोपाठ वाचावी, आणि ‘लुचाई’ आधी वाचावी. किंग शेकडो पाने खर्चून गावातले दूधवाले, शिक्षक, विधवा आणि गावगप्पा उभ्या करतो, आणि पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असलेला वाचकच त्या संथ भागात एकेक दार कोणी आणि का उघडले याचा हिशेब ठेवू शकतो.