भांडण पेशवाईचे, वकीलपत्र कंपनीचे

नगरचा भुईकोट किल्ला जनरल वेलस्लीने १२ ऑगस्ट १८०३ रोजी घेतला. पण इंग्रज इथवर आलेच कसे? त्यांना आत आणले ते घरच्याच यादवीने. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकराने हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. बाजीराव पळत पळत वसईला पोहोचला, इंग्रजांच्या आश्रयाला.

३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह वकिलाच्या नजरेने वाचावा. वर मैत्रीची भाषा. खाली काय? कंपनीची किमान सहा हजार फौज कायमची पदरी. तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख. इंग्रजांच्या शत्रुदेशातला युरोपीय नोकरीत ठेवायचा नाही. कंपनीला विचारल्याशिवाय कोणाशी बोलणी नाहीत. अशिलाची बाजू मांडायला आलेल्या वकिलाने घरच नावावर करून घ्यावे, तसे हे! (आमच्या धंद्यात असे घडतच नाही, असे मी म्हणणार नाही.) आणि मुलूख म्हणजे सारा भरणारी रयत. तिला कोणी विचारले?

खरी धास्ती फ्रेंचांची होती. शिंद्यांची उत्तरेतली कवायती फौज पेराँ या फ्रेंच सेनापतीच्या हाती होती. मे १८०३ मध्ये इंग्रजांनी बाजीरावाला पुण्यात गादीवर बसवले. त्याच महिन्यात युरोपात इंग्रज-फ्रेंच युद्ध पुन्हा पेटले. मग शिंद्यांचे नगर हवेच होते. गोदावरीकडे निघालेल्या फौजेची रसद याच वाटेने जायची.

१८०४ मध्ये हा किल्ला इंग्रजांनी बाजीरावाला दिला. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने परत घेतला.