बक्षीस-कोड : पडताळणी आणि सावधगिरी

ऑनलाइन खेळांच्या कंपन्या प्रचारार्थ अक्षरे व अंकांनी बनलेले बक्षीस-कोड प्रसृत करतात. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या खेळाचा कोड त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर वापरावयाचा असतो. तेथे खेळाडूचा ओळख क्रमांक, कोड व पडताळणीची अक्षरे एवढेच भरावे लागते. बक्षीस खेळातील टपालपेटीत जमा होते. म्हणून मोफत कोडसाठी बँकेचा ओटीपी वा यूपीआय पिन मागणारे पान बनावट समजावे. मुलांच्या हातातील मोबाइल अनेकदा पालकांच्या बँक खात्याशी जोडलेला असतो. रोख बोनसचे आमिषही टाळावे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.