‘फक्त लोकरीचे पैसे दे’ म्हणणाऱ्या ताई, दोन दिवस काढा



शेजारीण येते. “सुनेला सातवा लागलाय गं. बाळासाठी स्वेटर, कुंची, मोजे असा सेट विणून देशील का? किती घेशील?” आणि तुम्ही काय म्हणता? “अगं, तुझ्याकडून काय घ्यायचं! फक्त लोकरीचे दे.”

बरोबर ना? आज किमतीबद्दल बोलायचंच आहे, पण आधी तुम्हाला पाचगणीला घेऊन जाते.

गेल्या जानेवारीत तिथल्या एका होमस्टेत नऊ जणी दोन दिवस फक्त विणायला जमल्या होत्या. कुणी बँकेतून रिटायर झालेली, कुणी घरून ऑर्डर घेणारी, एक तर कॉलेजात शिकणारी. मला बोलावलं होतं ‘विणकामाची किंमत कशी ठरवावी’ यावर तासभर बोलायला. मी फळा, मार्कर, सगळं घेऊन गेले. फळा पहिल्या दिवशी गाडीतून बाहेरच आला नाही!

कारण तिथलं वातावरणच वेगळं होतं. सकाळी उन्हात सतरंज्या पडल्या, चहा फिरला आणि लोकरीच्या लड्या सुटल्या. घरी एकटी असताना तुम्ही लडी खुर्चीच्या पाठीला अडकवून गुंडा करता ना? इथे एकीनं दोन्ही हात पुढे करून लडी धरायची, दुसरीनं गुंडाळायचं. दहा मिनिटांत दोघींची आयुष्यभराची ओळख झालेली.

मग शिकणं सुरू झालं. कॉलेजवालीचा एक टाका सुटून आठ ओळी खाली घसरला होता. ती सगळं उसवायच्या बेतात होती. बँकवाल्या ताईंनी तिच्या हातातून काम घेतलं, क्रोशाची सुई त्या टाक्यात घातली आणि मधले आडवे धागे शिडी चढावी तसे एकेक करून वर ओढून घेतले. पाच मिनिटांत टाका परत सुईवर. हे व्हिडिओत मीही दाखवू शकते, पण शेजारी बसून बघण्यातली मजा व्हिडिओत येत नाही, हे मान्य करते.

त्या दोन दिवसांचा एकच नियम होता. ऑर्डरचं काम आणायचं नाही, स्वतःसाठी विणायचं. एक काकू मात्र पिशवीत बाळाचे मोजे लपवून घेऊन आल्या होत्या. “सोमवारी द्यायचेत गं, काय करू!” पकडल्या गेल्या. शिक्षा काय? विणा, पण घड्याळ लावून.

काकूंचं म्हणणं, “मोज्यांना काय वेळ लागतो? टीव्ही बघता बघता होतात.” घड्याळ म्हणालं, एका जोडीला 2 तास 10 मिनिटं. मग सगळ्यांनी मिळून पूर्ण सेटचा अंदाज काढला. 14 तास. लोकर 250 रुपयांची. काकू घेत होत्या 600. म्हणजे हातात 350, तासाला 25 रुपये.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग काकूच म्हणाल्या, “पण मला आवडतं गं विणायला.”

ताई, इथे थांबा. हे वाक्य तुमचंही आहे. आवडीचं काम आहे म्हणून पैसे मागायला लाज वाटते. पण तुमच्या आवडीची सूट गिऱ्हाइकाला का द्यायची? मिठाईवाल्याला पेढे वळायला आवडतात म्हणून तो अर्ध्या किमतीत देतो का?

ही गोष्ट आपल्याकडचीच नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, लोकरीसाठी आणि विणकामासाठी जगभर नावाजलेली. तिथल्या बायका अंगठीतून आरपार जातील इतक्या तलम शाली विणायच्या. पण व्यापारी त्यांना बहुतेकदा रोख पैशांऐवजी चहा, कापड असा दुकानातला मालच द्यायचे. 1872 मध्ये ब्रिटिश सरकारच्या चौकशीत हे सगळं नोंदलं गेलं. आणि आज? दरवर्षी सप्टेंबरअखेरीस तिथे ‘शेटलंड वूल वीक’ भरतो. त्या वर्षीसाठी टोपीचा एक नमुना आधीच जाहीर होतो, आणि देशोदेशीचे लोक तीच टोपी आपापल्या रंगांत विणून, डोक्यावर घालून तिथे पोचतात. ज्या कलेच्या बदल्यात चहा मिळायचा, ती शिकायला आज लोक पैसे मोजून जातात.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मोजे बाजूला ठेवले आणि चार वर्षं अर्धवट पडलेली स्वतःची शाल काढली. त्या दुपारी त्या जितक्या हसल्या, तितक्या आदल्या दिवशी नव्हत्या.

आता तुमच्या गावात हे कसं जमवाल? सोपं आहे.

1. सहा ते दहा जणी पुरे. जास्त झाल्या की दोन गट पडतात.
2. राहण्या-जेवणाचा खर्च आधीच समान वाटून जमा करा. शेवटच्या दिवशी हिशेबावरून मनं खट्टू व्हायला नकोत.
3. दोन कामं न्या. एक सोपं, गप्पा मारत करण्याजोगं. एक अडलेलं, विचारून सोडवण्याजोगं.
4. संध्याकाळी काळी किंवा गडद निळी लोकर घेऊ नका. टाके दिसत नाहीत, डोळे दुखतात.
5. तासाभरानं उठा, मनगटं आणि मान मोकळी करा.
6. तिथे विक्री नाही. फक्त एका वस्तूला घड्याळ लावा आणि आकडा वहीत लिहा.

काकूंनी परत आल्यावर सेटची किंमत 1100 केली. पहिल्या तीन गिऱ्हाइकांपैकी दोघींनी घेतला, एक नाराज होऊन गेली. ती जाणारच होती, हे मी तुम्हाला गोड बोलून लपवणार नाही. पण काकू म्हणतात, आता कमी ऑर्डरी घेते आणि रात्री जागत नाही.

आणि माझं? माझ्या लग्नात आत्यानं मला पांढरी शाल विणून दिली होती. “फक्त लोकरीचे दे” म्हणाली आणि मी तेवढेच दिले. किती तास लागले, हे मी कधी विचारलंच नाही. पाचगणीहून आल्यावर फोन केला. आत्या म्हणाली, “अगं, मोजलंय कुणी!”

ताई, तुम्ही मोजा. पुढची ऑर्डर घेण्याआधी, एकदाच.

भेटू पुढच्या व्हिडिओत!