पटाशीचा दात निखळला तर?

बालमित्रांनो, 'त, थ, द, ध' मोठ्याने म्हणा पाहू! जिभेचं टोक कुठे टेकलं? वरच्या पुढच्या दातांना. म्हणून तर व्याकरणात या अक्षरांना 'दंत्य' म्हणतात. हेच आपले पटाशीचे दात. सुताराच्या पटाशीसारखी सपाट धार असलेले! पेरूचा तुकडा तोडायला हेच लागतात, नि हसताना आधी दिसतात तेही हेच.

सातव्या-आठव्या वर्षी दुधाचे दात पडून वरचे हे कायमचे दात येतात. कायमचे म्हणजे काय? हा दात गेला, तर त्या जागी तिसरा उगवत नाही. आणि सायकलवरून पडताना किंवा जिन्यात ढकलाढकली करताना मार बसतो, तो बहुतेक वेळा याच दातांना!

"मग काय झालं? डॉक्टर नवा दात बसवतात की!" असं कुणीतरी म्हणेलच. खरं आहे. चांगला बसवला, तर तो ओळखूही येत नाही. ही किमया कशी सुरू झाली, ते ऐका.

१९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनमार्क हे शास्त्रज्ञ सशांच्या पायाच्या हाडांचा अभ्यास करत होते. हाड कसं भरून येतं, हे पाहण्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियम धातूचं छोटं उपकरण बसवलं होतं. काम संपल्यावर काढायला गेले, तर ते निघेचना! हाडाने धातूला घट्ट धरून ठेवलं होतं. मग त्यांच्या मनात आलं, जबड्याच्या हाडानेही असंच धरलं तर? १९६५ मध्ये त्यांनी येस्टा लार्सन या गृहस्थांच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ते चाळीस वर्षांहून अधिक काळ, लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत टिकले.

यालाच 'इम्प्लांट' म्हणतात. जबड्यातला स्क्रू म्हणजे नव्या दाताचं मूळ. हाडाने त्याला पक्कं धरायला काही महिने लागतात. मग त्यावर एक जोडतुकडा आणि त्यावर दाताच्या आकाराची टोपी बसते. डॉक्टर तिला 'क्राउन' किंवा 'कॅप' म्हणतात. पुढच्या दातांसाठी ती बहुधा सिरॅमिकची असते, म्हणजे आपल्या कपबशीच्या जातकुळीतली! झिर्कोनिया नावाच्या प्रकाराची टोपी सुमारे १५०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. भाजताना ती आक्रसते, म्हणून आधी मुद्दाम मोठी कोरतात. कुंभाराचं मडकंही आक्रसतं ना, तसंच!

सिरॅमिकच का? नीट पाहा, दात नुसता पांढरा नसतो. हिरडीजवळ किंचित पिवळसर, टोकाशी काचेसारखा झिरझिरीत. त्यात उजेड थोडा आत शिरतो. आत धातू असलेल्या टोपीतून उजेड जात नाही, नि हिरडीपाशी कधीकधी काळसर रेघ दिसते. सिरॅमिकमुळे हे टळतं. रंग जुळवायला डॉक्टर नमुन्याच्या दातांची पट्टी शेजारच्या दातापाशी धरतात. अशा एका प्रसिद्ध पट्टीत १६ छटा असतात!

पण थांबा! हा दात तुम्हाला आत्ता बसवता येत नाही. तुमचा जबडा अजून वाढतोय. खरे दात वाढणाऱ्या जबड्याबरोबर सरकतात. इम्प्लांट मात्र भिंतीतल्या खुंटीसारखा आहे तिथेच राहतो. मग काही वर्षांत तो शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागतो. म्हणून चेहऱ्याची वाढ पुरी होईपर्यंत, साधारण १८ ते २१ वर्षांपर्यंत, थांबावं लागतं. तोवर तात्पुरत्या दातावर भागवायचं. दहाव्या वर्षी दात गेला, तर केवढी मोठी ही वाट!

म्हणून आपलाच दात वाचवणं सर्वांत उत्तम. मुळासकट निखळलेला कायमचा दात पुन्हा रुजू शकतो, बरं का! मात्र घाई हवी. हे पाठच करा:

१. दात शोधा. चमकदार भागाला धरून उचला. मुळाला हात लावू नका.

२. माती लागली असेल, तर दुधाने किंवा गार पाण्याने क्षणभर धुवा. घासू नका.

३. जमलं तर दात लगेच त्याच्या जागी बसवा आणि स्वच्छ रुमाल हलकेच दाताखाली धरा.

४. नाही जमलं, तर दात गार दुधात टाका. रुमालात गुंडाळून कोरडा ठेवू नका. मुळावरच्या जिवंत पेशी सुकून मरतात. पाण्यातही ठेवू नका.

५. तडक दातांच्या डॉक्टरांकडे जा. शक्यतो अर्ध्या तासात. तास उलटला, की दात रुजण्याची आशा झपाट्याने कमी होते.

आई-बाबांनो, एक लक्षात ठेवा. दुधाचा दात निखळला, तर तो परत बसवू नका. आत वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. डॉक्टरांना दाखवायचं मात्र विसरू नका.

मुलांनो, आता एक काम करा. वरचे पाच मुद्दे सुवाच्य अक्षरात एका कागदावर लिहा आणि बाईंना विचारून शाळेच्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा. न जाणो, एखाद्या मित्राचा दात त्यामुळे वाचेल!