सहा कोटी नळ्या, पस्तीस माणसं

अमेरिकेत सैन्यात भरती होताना एचआयव्हीसाठी रक्त तपासतात आणि पुढे साधारण दर दोन वर्षांनी पुन्हा. तपासणी उरकली की नळीत थोडं सीरम उरतं. कुठल्याही लॅबमध्ये ते फेकून दिलं जाईल. अमेरिकी लष्कराने ते गोठवून ठेवलं. वॉशिंग्टनजवळ सिल्व्हर स्प्रिंगला असे ६ कोटी २० लाखांहून जास्त नमुने साठले.

हार्वर्डच्या अल्बर्टो अशेरिओ आणि शेटिल ब्योर्नेविक यांच्या गटाला या साठ्यातून एक जुना वाद मिटवायचा होता. मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंचं आवरण कुरतडते. त्यामागे एप्स्टीन-बार विषाणू आहे का? पंचाईत अशी, की हा विषाणू जवळपास ९५ टक्के प्रौढांच्या अंगात असतोच. लाळेतून येतो आणि जन्मभर मुक्काम ठोकतो. घरोघरी असलेल्यावर आरोप ठेवायचा कसा?

सगळ्या नळ्या तपासाव्यात, तर नळीमागे एक मिनिट धरलं तरी रात्रंदिवस काम करून ११८ वर्षं लागतील.

१९९३ ते २०१३ या काळातल्या १ कोटीहून जास्त जवानांपैकी ९५५ जणांना नोकरीत असतानाच एमएसचं निदान झालं होतं. त्यातल्या ८०१ जणांचे नमुने उपयोगी निघाले. त्याच कोटभर लोकांतून प्रत्येकासाठी शक्यतो दोन जोडीदार शोधले. वय, लिंग, वंश, सैन्यदल, रक्त घेतल्याच्या तारखा मिळत्याजुळत्या, पण तोवर एमएस नसलेले. असे १,५६६ मिळाले. समूहाच्या पोटातच मांडलेल्या अशा अभ्यासाला नेस्टेड केस-कंट्रोल म्हणतात. माणशी जास्तीत जास्त तीन नळ्या, म्हणजे फार तर ७,१०१. मघाच्या हिशेबाने पाच दिवसांचं काम.

मग बाकीच्या नव्व्याण्णव लाखांवर लोकांचं काय? डोकं चक्रावतं ते इथे. ढोबळ नियम असा, की रुग्णामागे दोन जोडीदार घेतले तरी अख्खा समूह तपासून जेवढी माहिती मिळाली असती तिच्यातली दोन तृतीयांश हाती लागते. चार घेतले तर ८० टक्के. पाचवा जेमतेम तीन टक्क्यांची भर घालतो. शितावरून भाताची परीक्षा खरीच, फक्त इथली शितं डोळे मिटून उचललेली नाहीत. करपलेली शोधून काढली आणि प्रत्येकाशेजारची दोन घेतली.

म्हणून कोटभर माणसं वाया गेली असं मात्र नाही. पहिल्या नमुन्यात या विषाणूची प्रतिपिंडं नव्हती, असे रुग्ण ८०१ मध्ये फक्त ३५ होते. सगळा निवाडा त्यांच्यावर होता आणि एवढे मिळायलाही कोटाचीच चाळण लागली. आजाराआधी त्यांच्यापैकी ३४ जणांना लागण झाली. तसेच कोरे असलेल्या १०७ जोडीदारांत हे प्रमाण ५७ टक्के होतं. लागणीनंतर एमएसचा धोका ३२ पट झाला. लाळेतूनही पसरणाऱ्या सायटोमेगॅलोव्हायरसने तो वाढला नाही. मज्जातंतूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एक प्रथिनही लागणीनंतरच वाढलेलं दिसलं. म्हणजे आजार आधी आणि विषाणू नंतर, ही पळवाटही बंद झाली.

जानेवारी २०२२ मध्ये ‘सायन्स’ने हे छापलं. ३५ मधल्या उरलेल्या एकाच्या शेवटच्या नळीतही प्रतिपिंडं सापडली नाहीत. ती भरल्यानंतर त्याला लागण झाली असेल किंवा त्याचं निदानच चुकलं असेल.